प्रादेशिक ध्वज कसा वाचावा: नव्या अभ्यासकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

देशाच्या आतील एखाद्या राज्याचा, प्रांताचा, कॅन्टनचा (स्वित्झर्लंडमधील घटक राज्याचा) किंवा प्रीफेक्चरचा (जपानमधील प्रांताचा) जो स्वतंत्र ध्वज असतो, त्याला येथे प्रादेशिक ध्वज म्हटले आहे. राष्ट्रध्वजाची माहिती शालेय पुस्तकांतून आपल्यापर्यंत पोहोचते. प्रादेशिक ध्वजांची माहिती मात्र बहुतेकांना ऐकीव स्वरूपातच मिळते, आणि तिच्यात ‘लाल म्हणजे शौर्य, हिरवा म्हणजे समृद्धी, निळा म्हणजे शांतता’ अशी ठोकळेबाज वाक्येच अधिक असतात. ही वाक्ये जगातील कोणत्याही ध्वजाला चिकटवता येतात, म्हणून ती कोणत्याही एका ध्वजाविषयी काहीच सांगत नाहीत. ध्वज वाचताना रंगांचा अर्थ सर्वांत शेवटी पाहावा, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील पायऱ्यांचा क्रम त्याच मतावर बेतलेला आहे.

पायरी १: ध्वजाचे अधिकृत चित्र आणि त्याचा कायदा मिळवा

बाजारात मिळणारे छापील झेंडे आणि इंटरनेटवर फिरणारी चित्रे यांत रंगछटा, प्रमाण आणि दिशा सर्रास चुकलेल्या असतात. त्यामुळे प्रथम त्या प्रदेशाच्या सरकारने प्रसिद्ध केलेले चित्र शोधावे आणि त्यासोबत ज्या कायद्याने अथवा ठरावाने तो ध्वज स्वीकारला गेला, त्याचा मजकूर वाचावा. हा मजकूर बहुधा एखाद्या परिच्छेदाचाच असतो, परंतु ध्वजात नेमके काय असलेच पाहिजे आणि काय चित्रकारावर सोडले आहे, हे त्यातूनच कळते.

चित्र पाहताना दोन बाजू ओळखाव्यात: काठीकडची बाजू आणि वाऱ्यावर फडकणारी मोकळी बाजू. काठीकडचा वरचा कोपरा हा मानाचा कोपरा समजला जातो, आणि ध्वजातील सर्वांत महत्त्वाचे चिन्ह पुष्कळदा तेथेच असते. हवाई हे अमेरिकेचे राज्य असले तरी त्याच्या ध्वजावर त्या कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅक आहे, आणि हवाईच्या राजवटीचे ब्रिटनशी असलेले जुने संबंध त्यातून लगेच लक्षात येतात.

ध्वजाचा आकारही गृहीत धरू नये. स्वित्झर्लंडमधील कॅन्टनांचे ध्वज चौरस असतात. अमेरिकेतील ओहायो राज्याचा १९०२ साली स्वीकारलेला ध्वज मोकळ्या बाजूला दुभंगलेला आहे, तर ओरेगॉनच्या ध्वजाच्या दोन्ही बाजूंवर वेगवेगळी चित्रे असून मागच्या बाजूला बीव्हर हा प्राणी आहे.

पायरी २: अर्थ न लावता वर्णन लिहा

एक वही घ्यावी आणि समोरचा ध्वज ज्याने कधीच पाहिलेला नाही, अशा माणसाला तो कागदावर काढता येईल इतके नेमके वर्णन लिहावे. ‘प्रतीक’, ‘दर्शवतो’, ‘सूचित करतो’ हे शब्द या पायरीवर पूर्णपणे वर्ज्य मानावेत.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याचा ध्वज या सरावासाठी उत्तम आहे. पार्श्वभूमी पिवळी आहे. मध्यभागी लाल रेषेचे एक वर्तुळ असून त्याचा आतला भाग पिवळाच ठेवलेला आहे. वर्तुळापासून वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे प्रत्येकी चार लाल रेषा निघतात. प्रत्येक गटातील मधल्या दोन रेषा लांब आणि कडेच्या दोन आखूड आहेत. वर्णन येथे संपते. दोन रंग, एक आकृती, एकही अक्षर नाही, आणि तरीही तो जगातील दुसऱ्या कोणत्याही ध्वजासारखा दिसत नाही.

याउलट अमेरिकेच्याच मेरीलँड राज्याचा ध्वज लिहून काढताना सुरुवातीला गोंधळ उडतो, म्हणून तो सावकाश पाहावा. ध्वजाचे चार समान भाग पाडलेले आहेत आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतील भाग एकसारखे आहेत. काठीकडच्या वरच्या भागात सोनेरी आणि काळे असे एकाआड एक सहा उभे पट्टे आहेत. त्यांच्यावरून एक तिरका पट्टा जातो, आणि त्या तिरक्या पट्ट्यात रंगांची अदलाबदल होते: जेथे खालचा उभा पट्टा काळा, तेथे तिरका पट्टा सोनेरी, आणि जेथे उभा पट्टा सोनेरी, तेथे तिरका पट्टा काळा. शेजारच्या भागात लाल आणि पांढरा हे रंग असून ज्याच्या भुजांच्या टोकांना तीन गोलसर पाकळ्या आहेत असा एक क्रूस आहे. या क्रुसातही लाल आणि पांढरा यांची तशीच अदलाबदल केलेली आहे. अदलाबदलीची ही रीत एकदा डोळ्यांत बसली की युरोपीय परंपरेतील अनेक ध्वज आणि ढालीवरील कुलचिन्हे आपोआप उलगडू लागतात.

त्याच परंपरेचा आणखी एक नियम येथेच शिकून घ्यावा. सोनेरी किंवा पिवळा आणि रुपेरी किंवा पांढरा यांना ‘धातू’ मानले जाते, तर लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे ‘रंग’ ठरतात. धातूवर धातू ठेवू नये आणि रंगावर रंग ठेवू नये, असा तो नियम आहे. त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे: रणांगणावर दुरून ढाल ओळखू यावी यासाठी गडद आणि फिकट यांचा विरोध आवश्यक होता. त्यामुळे लाल चिन्हाभोवती पांढरी कड दिसली, तर तिला अर्थ चिकटवण्यापूर्वी ती केवळ हा नियम पाळण्यासाठी आहे का, हे तपासावे.

पायरी ३: मोजा

पट्टे, तारे, किरण, टोके, पाकळ्या असे जे जे मोजता येते ते मोजून वहीत आकडे लिहावेत, कारण ध्वजांत संख्या क्वचितच उगाच येते. हवाईच्या ध्वजावरील आठ पट्टे आठ मुख्य बेटांसाठी आहेत. मिसिसिपीच्या सध्याच्या ध्वजावर मॅग्नोलियाच्या फुलाभोवती वीस पांढरे तारे आहेत, कारण ते संघराज्यात सामील झालेले विसावे राज्य होय, आणि त्यांच्या वर जो वेगळ्या घडणीचा सोनेरी तारा आहे तो तेथील मूळ रहिवाशांसाठी आहे.

संख्येतून राजकारण कसे वाचता येते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मला स्वित्झर्लंडमधील जुरा कॅन्टनचे वाटते. त्याच्या ध्वजाच्या एका अर्ध्या भागात पांढऱ्यावर लाल रंगाचा बिशपचा दंड आहे आणि दुसऱ्या अर्ध्या भागात लाल-पांढरे सात आडवे पट्टे आहेत. हे सात पट्टे जुरा प्रदेशातील सात जिल्ह्यांचे आहेत. मात्र १९७९ साली बर्न कॅन्टनपासून वेगळे होऊन जुरा हे स्वतंत्र कॅन्टन झाले, तेव्हा त्यात उत्तरेकडील तीनच जिल्हे आले. ध्वज १९४०च्या दशकात, म्हणजे कॅन्टन अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी, चळवळीच्या काळात तयार झाला होता. त्यात संपूर्ण प्रदेशाची आकांक्षा होती, आणि सरहद्द वेगळी ठरल्यावरही पट्टे सातच राहिले. ध्वजातील आकडा आणि आजच्या नकाशावरील आकडा जुळत नसेल, तर त्या फरकाचा शोध अवश्य घ्यावा, कारण इतिहास बहुधा तेथेच दडलेला असतो.

पायरी ४: नातेवाईक शोधा

बहुतेक प्रादेशिक ध्वज एखाद्या जुन्या ध्वजापासून, राजघराण्याच्या चिन्हापासून किंवा शेजारच्या प्रदेशापासून आलेले असतात. म्हणून आपल्या ध्वजासारखे आणखी कोणते ध्वज आहेत, हे शोधून त्यांची चित्रे शेजारी-शेजारी ठेवावीत.

जुराच्या ध्वजावरील दंडाचाच माग काढला, तर तो बाझेलच्या बिशपांच्या जुन्या संस्थानापर्यंत पोहोचतो. बाझेल-श्टाट या शहरी कॅन्टनच्या ध्वजावर तोच दंड काळ्या रंगात आहे. १८३३ साली ग्रामीण भाग शहरापासून फुटला आणि बाझेल-लांडशाफ्ट हे वेगळे झाले. त्याच्या ध्वजावर दंड लाल आहे आणि तो शहराच्या दंडाच्या विरुद्ध दिशेला वळलेला आहे. तिन्ही ध्वज एका ओळीत लावले, की मूळ कोठले आणि फूट कोठे पडली, हे शब्दांवाचून कळते.

स्पेनमधील कॅटालोनिया, आरागोन, वॅलेन्सिया आणि बॅलेरिक बेटे या चारही प्रदेशांच्या ध्वजांत सोनेरी पार्श्वभूमीवर चार लाल पट्टे आहेत, कारण हे चारही भाग मध्ययुगात आरागोनच्या राजसत्तेखाली होते. आरागोनने पट्ट्यांवर आपले राजचिन्ह ठेवले, वॅलेन्सियाने काठीकडे निळी पट्टी घेतली आणि बॅलेरिक बेटांनी कोपऱ्यात जांभळ्यावर पांढरा किल्ला ठेवला. कॅटालोनियाने पट्टे तसेच मोकळे ठेवले. कॅनडातील नोव्हा स्कोशिया या प्रांताच्या नावाचा अर्थच ‘नवे स्कॉटलंड’ असा आहे, आणि त्याच्या ध्वजावर स्कॉटलंडच्या ध्वजाचे रंग उलटे करून पांढऱ्यावर निळा तिरका क्रूस घेतलेला आहे.

नाते नेहमी घराण्याचेच असते असे नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांचे ध्वज गडद निळ्या पार्श्वभूमीवर राज्यमुद्रा ठेवून तयार केलेले आहेत आणि दुरून ते एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. त्यांचे मूळ सैन्यात आहे: तेथील पायदळाच्या पलटणी निळ्या कापडावरचे ध्वज घेऊन चालत, आणि पुढे राज्यांनी तीच पद्धत उचलली. मुद्रा ही कागदावर, हातभर अंतरावरून पाहण्यासाठी कोरलेली असते. ती तशीच कापडावर चढवली की उंच काठीवर तिच्यातील एकही रेष दिसत नाही.

पायरी ५: कोणी, केव्हा आणि कशासाठी स्वीकारला, ते लिहा

प्रत्येक ध्वजापुढे किमान दोन वर्षे लिहावीत: रचना प्रथम दिसली ते वर्ष आणि ती अधिकृत झाली ते वर्ष. या दोहोंतील अंतर महत्त्वाचे असते. स्पेनमधील बास्क प्रदेशाचा ध्वज, म्हणजे लाल पार्श्वभूमीवर हिरवा तिरका आणि पांढरा सरळ क्रूस, सबिनो आणि लुईस आराना या बंधूंनी १८९४ साली बिस्काय प्रांतासाठी तयार केला. १९३६ साली तो बास्क सरकारचा ध्वज झाला, स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत त्यावर बंदी आली आणि १९७९च्या स्वायत्तता कायद्याने तो पुन्हा अधिकृत झाला. एका राजकीय चळवळीचे निशाण संपूर्ण प्रदेशाचे कसे झाले, ते या तीन वर्षांतून दिसते.

मेरीलँडचा ध्वज येथे पुन्हा हाती घ्यावा. काळा-सोनेरी भाग वसाहतीचे मालक असलेल्या कॅल्व्हर्ट घराण्याचा आणि लाल-पांढरा भाग पहिले लॉर्ड बाल्टिमोर जॉर्ज कॅल्व्हर्ट यांच्या मातुल घराण्याचा, क्रॉसलँड यांचा. एवढेच लिहून थांबले, तर उत्तर बरोबर असले तरी अपुरे राहते. अमेरिकेच्या यादवी युद्धात मेरीलँड संघराज्यातच राहिले, परंतु तेथील दक्षिणेच्या, म्हणजे संघराज्यातून फुटलेल्या राज्यांच्या, समर्थकांनी लाल-पांढरे रंग आपलेसे केले आणि काळे-सोनेरी रंग संघराज्याच्या बाजूचे मानले गेले. युद्धानंतर, १८८०च्या सुमारापासून, दोन्ही घराण्यांचे रंग एकत्र असलेला ध्वज समारंभांत दिसू लागला आणि १९०४ साली तो अधिकृत झाला. म्हणजे रचना सतराव्या शतकातील घराण्यांची असली, तरी ती स्वीकारण्यामागे एकमेकांविरुद्ध लढलेल्या लोकांना एका कापडाखाली आणण्याची एकोणिसाव्या शतकातील निकड होती. ध्वजाचे हे दोन अर्थ वहीत वेगवेगळ्या ओळींवर लिहावेत.

बदललेले ध्वजही याच पायरीवर पाहावेत. मिसिसिपीच्या १८९४च्या ध्वजाच्या मानाच्या कोपऱ्यात दक्षिणेच्या सैन्याचे युद्धचिन्ह होते. ते गुलामगिरीच्या समर्थनाशी जोडलेले असल्यामुळे दीर्घ वादानंतर २०२० साली तो ध्वज रद्द झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील मतदानात लोकांनी नवा ध्वज मान्य केला. मिनेसोटाच्या जुन्या मुद्रेत नांगर धरलेला गोरा शेतकरी आणि घोड्यावरून निघालेला मूळ रहिवासी असे चित्र होते, आणि मूळ रहिवाशांना हुसकावण्याचा गौरव त्यातून होतो, असा आक्षेप होता. ११ मे २०२४ रोजी तेथे नवा ध्वज लागू झाला. त्यात गडद निळ्या भागाला राज्याच्या नकाशाचा ओझरता आकार आहे, त्यावर आठ टोकांचा पांढरा तारा आहे आणि उरलेला भाग पाण्याच्या फिकट निळ्या रंगाचा आहे. राज्याच्या ब्रीदवाक्यात उत्तरेचा तारा आहे, हे माहीत असले की त्या ताऱ्याचे प्रयोजन सांगावे लागत नाही.

पायरी ६: दंतकथा आणि पुरावा वेगळे ठेवा

कॅटालोनियाच्या चार पट्ट्यांविषयी एक प्रसिद्ध कथा आहे: नवव्या शतकातील काउंट (सरदार) विल्फ्रेड युद्धात जखमी झाला असता फ्रँक राजाने त्याच्या जखमेत चार बोटे बुडवली आणि सोनेरी ढालीवर ओढली. कथा हृदयाला भिडते, परंतु ती लिखित स्वरूपात येते सोळाव्या शतकात. ढालीवर वंशपरंपरेने कुलचिन्ह मिरवण्याची पद्धत युरोपात बाराव्या शतकात रुजली, आणि हे पट्टे बार्सिलोनाच्या काउंटांच्या मुद्रांवरही त्याच शतकात आढळतात. म्हणून कथा नवव्या शतकाची घटना म्हणून नोंदवू नये. मात्र ती खोडूनही टाकू नये, कारण आजच्या कॅटालन माणसाचे त्या पट्ट्यांशी असलेले नाते समजून घ्यायला तीही लागते. ‘कथा’ असा शेरा मारून ती वेगळ्या रकान्यात ठेवणे उत्तम.

पायरी ७: आता रंगांकडे या

रंगाचा अर्थ लिहिण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हा अर्थ रचना करणाऱ्याने स्वतः सांगितला होता, की नंतर कोणी लावला? बास्क ध्वजाच्या बाबतीत रचनाकारांनीच तो सांगून ठेवला आहे: लाल बिस्कायचे लोक, हिरवा गेर्निकाचा ओक वृक्ष म्हणजे तेथील जुने कायदे, पांढरा क्रूस ख्रिस्ती धर्म. येथे अर्थ निःशंकपणे लिहावा. मेरीलँडच्या काळ्या-सोनेरीचा मात्र शौर्याशी वा संपत्तीशी संबंध जोडू नये, कारण ते एका घराण्याचे रंग आहेत आणि तेवढाच त्यांचा अर्थ आहे.

जपानच्या ४७ प्रीफेक्चरांच्या ध्वजांत तर रंगापेक्षा आकारच अधिक बोलतो. जपानी घराण्यांची एकरंगी, साधी कुलचिन्हे डोळ्यांपुढे असल्यामुळे हे ध्वज अतिशय आटोपशीर आहेत, आणि त्यांपैकी बरेच १९६०च्या दशकात स्वीकारले गेले. कागोशिमाच्या ध्वजावर प्रीफेक्चरचा नकाशा आकृतिरूपाने आला असून मधोमध साकुराजिमा ज्वालामुखीसाठी लाल वर्तुळ आहे. हिरोशिमाच्या ध्वजावर नावातील पहिले अक्षरच वळवून वर्तुळाकार केलेले आहे. नवख्याला ती केवळ सुंदर नक्षी वाटते. तेथील लिपीचा तक्ता जवळ ठेवून हे ध्वज पाहावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

पायरी ८: चिन्ह कोणाचे, हे विचारा

न्यू मेक्सिकोच्या ध्वजावरील सूर्य झिया प्वेब्लो या मूळ रहिवासी समाजाचा आहे. डॉ. हॅरी मेरा यांनी तो झियांच्या एका जुन्या मडक्यावरून घेतला आणि १९२५ साली ध्वज अधिकृत झाला. झियांसाठी चार ही संख्या पवित्र आहे: चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार प्रहर, आयुष्याच्या चार अवस्था. लाल आणि पिवळा हे रंग मात्र स्पेनचे आहेत. ज्यांनी हा प्रदेश जिंकला त्यांचे रंग आणि जे जिंकले गेले त्यांचे पवित्र चिन्ह, असे दोन्ही एका कापडावर आहे. हे चिन्ह आपल्या संमतीवाचून वापरले गेल्याची तक्रार झिया समाजाने केलेली आहे. उत्तर अमेरिकेतील ध्वजशास्त्र संघटनेने २००१ साली राज्यांच्या आणि प्रांतांच्या ७२ ध्वजांविषयी घेतलेल्या पाहणीत हाच ध्वज पहिला आला होता. त्याच पाहणीत गुंतागुंतीचा मेरीलँडही चौथा आला, त्यामुळे ‘ध्वज साधाच हवा’ हा नियम मी तरी अंतिम मानत नाही. न्यू मेक्सिकोचे सौंदर्य मान्य करूनही वहीत झियांच्या तक्रारीची नोंद असलीच पाहिजे.

जवळचे दोन ध्वज, पहिल्या सरावासाठी

भारतात राज्यांना स्वतंत्र अधिकृत ध्वज असण्याची पद्धत रूढ नाही. महाराष्ट्राचाही असा ध्वज नाही. भगवा आणि मराठा सैन्याचा जरीपटका यांचे स्थान इतिहासात आणि लोकमानसात आहे, राज्य शासनाच्या अधिकृत ध्वजाचा दर्जा त्यांना नाही, आणि हा फरक वहीत स्पष्ट लिहावा.

पहिला सराव जम्मू-काश्मीरच्या ध्वजाचा करावा. लाल पार्श्वभूमीवर पांढरा नांगर आणि काठीकडे तीन पांढरे उभे पट्टे, अशी त्याची रचना होती. तेथील संविधान सभेने तो १९५२ साली स्वीकारला आणि २०१९ साली राज्याचा विशेष दर्जा संपला तेव्हा त्याचाही अधिकृत वापर संपला. तीन पट्टे म्हणजे जम्मू, काश्मीर आणि लडाख हे मोजणीच्या पायरीवर कळेल. नांगर आणि लाल पार्श्वभूमी कोठून आली, याचा शोध नातेवाइकांच्या पायरीवर नॅशनल कॉन्फरन्स या पक्षाच्या ध्वजापर्यंत नेईल.

दुसरा सराव सीमाभागातील मराठी वाचकांच्या नित्य पाहण्यातला आहे. कर्नाटकात १ नोव्हेंबरला सर्वत्र फडकणारा पिवळा-लाल ध्वज कन्नड कार्यकर्ते म. राममूर्ती यांनी १९६०च्या दशकात रूढ केला. त्याचे रंग हळद आणि कुंकू यांचे मानले जातात. मार्च २०१८मध्ये राज्य सरकारने यापेक्षा वेगळा, मधे पांढरा पट्टा आणि त्यावर गंडभेरुंडाचे राजचिन्ह असलेला तिरंगी ध्वज जाहीर करून केंद्राच्या मान्यतेसाठी पुढे केला. हे दोन्ही ध्वज शेजारी ठेवावेत, दोहोंचे वर्णन स्वतंत्रपणे लिहावे, लोकांनी रूढ केलेला कोणता आणि सरकारने सुचवलेला कोणता याची नोंद करावी, आणि मग गंडभेरुंड हा द्विमुखी पक्षी कोणत्या राजघराण्याकडून आला याचा माग म्हैसूरच्या दिशेने काढावा.